उमापूर ते कडा: चार दिवस, तीन धावा आणि जानेवारीतला एक रविवार

ऑक्टोबरात सहामाही परीक्षा संपली, ग्रंथालयातली परत आलेली पुस्तकं कपाटात लागली आणि मला हक्काचे चार दिवस मिळाले. मी गेवराईच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. वय त्रेचाळीस, आणि गेली सहा वर्षं पळतो. मागच्या हिवाळ्यात पहिल्यांदाच बेचाळीस किलोमीटरच्या फुल मॅरेथॉनला उतरलो आणि बत्तिसाव्या किलोमीटरला दुभाजकावर बसलो. उठलो तो आयोजकांच्या गाडीत चढायलाच. त्यामुळे या वर्षी पाऊस उघडल्यापासून नेटानं तयारी चालू होती. येत्या थंडीत कुठली शर्यत धरायची, एवढंच ठरायचं होतं. यादीत तीन नावं होती: हैदराबादची फुल मॅरेथॉन, साताऱ्याकडची एक डोंगरातली शर्यत आणि घराजवळची एक साधी हाफ. या तिन्हींची नावनोंदणी बंद व्हायला आठवडाच उरला होता.

मी दत्ताला फोन केला.

दत्ता उमापूरचा. चौतीस वर्षांचा, दीड एकर कोरडवाहू आणि हिवाळाभर ऊसतोड. आमची ओळख चार वर्षांपूर्वी कालव्याच्या रस्त्यावर झाली. मी घड्याळ लावून, महागाचे बूट घालून पळत होतो आणि मागून एक माणूस स्लिपर हातात धरून मला ओलांडून गेला. पुढं जाऊन बघतो तर तो विहिरीवरची मोटर चालू करत होता. लाईट आल्याचं कळलं की तो घरापासून विहिरीपर्यंतचे तीन किलोमीटर पळतच यायचा, म्हणजे लाईट परत जायच्या आत रानाला पाणी देऊन व्हायचं. त्याला पळण्याचा सराव असा झाला. तेव्हापासून पावसाळा संपला की आम्ही बरोबर पळतो. दिवाळीनंतर त्याची टोळी निघते आणि उन्हाळ्यातच परत येते. शर्यती सगळ्या थंडीतच असतात, आणि थंडीत दत्ता कुठल्यातरी फडात असतो. माझ्यापेक्षा कितीतरी वेगानं पळणारा हा माणूस आजवर एकाही शर्यतीत उतरलेला नव्हता.

"सर, मला कड्याला जायचंच हाय," तो फोनवर म्हणाला. "मुकादमाकडं बोलणी हायेत. सुनीता तिकडंच माहेरी गेलीय, तिला बी आणायचं हाय."

"मग पळत जाऊ."

"समदं अंतर?"

"नाही रे. माझ्या मोटारसायकलवर जाऊ. वाटेत चांगले रस्ते बघून पळू."

"मंग जमतंय."

पहिल्या दिवशी पहाटे मी उमापूरला पोचलो. गेवराईहून शेवगावच्या दिशेनं जाणारा हा रस्ता गाडीला बरा आहे, पण पळायला नाही. कडेला पाय ठेवायला जागा नाही आणि कापसाचे टेम्पो अंगावर येतात. पळायचं तर कालव्याच्या भरावावरचा मातीचा रस्ता धरा. सपाट आहे, मऊ आहे, साडेपाचला निघालं तर आठपर्यंत ऊन सोसतं. ऑक्टोबरातलं आमच्याकडचं ऊन हलक्यात घेऊ नका. हवेत दमटपणा असतो, वारा नसतो, आणि साडेआठनंतर डोकं तापायला लागतं.

बारा किलोमीटर सावकाश पळलो. कापसाची पहिली वेचणी चालू होती. दत्ताच्या पायात तालुक्याच्या बाजारातले कॅनव्हासचे बूट होते. गेल्या वर्षी मी त्याला माझे बूट देऊ केले होते, पण त्याच्या पंजाला ते अरुंद पडले आणि त्यानं धुऊन परत आणून दिले. पळून झाल्यावर त्याच्या आईनं बाजरीची भाकरी, ठेचा आणि दही पुढं ठेवलं. त्याची दोन्ही मुलं शाळेत गेली होती. ती वर्षभर आजीपाशीच राहतात.

"किती दिवस हो हे?" आजीनं मला विचारलं.

"चार दिवस."

"न्हाई, हे पळायचं म्हणते मी."

दत्ता म्हणाला, "आये, वाढ."

दुपारी गेवराईवरून महामार्गानं बीड गाठलं. तासाभराचा रस्ता, चौपदरी. बसस्थानकाच्या मागच्या गल्लीत आठशे रुपयांत दोन खाटांची खोली मिळाली. खोली घेताना पाणी पहाटे येतं का, हे आधी विचारा. आम्ही विचारलं नव्हतं, म्हणून दुसऱ्या दिवशी बाटलीच्या पाण्यानं तोंड धुतलं.

दुसरा दिवस चढाचा. बीडच्या दक्षिणेला मांजरसुंब्याचा घाट आहे. नकाशात बघून मी तोच धरला होता, पण प्रत्यक्षात तिथं ट्रकची रांग संपत नाही. पळणाऱ्यांनी त्या नादाला लागू नये. मांजरसुंब्यापासून कपिलधारकडं एक रस्ता जातो, तो मात्र मनासारखा आहे. डोंगर अजून हिरवे होते, वळणं भरपूर, गाड्या थोड्या. एक साधारण सहाशे मीटरचा चढ निवडला आणि तो आठ वेळा चढायचा ठरवला.

तिसऱ्या फेरीपासून दत्ता माझ्यापुढं वळणाआड दिसेनासा व्हायला लागला. मी वर पोचायचो तेव्हा तो खाली यायला निघालेला असायचा. पाचव्या फेरीला मी कमरेवर हात ठेवून त्याला थांबवलं.

"तुला दम कसा लागत नाही?"

"लागतू की." त्यानं खांद्यानं घाम पुसला. "पण सर, आमी उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढतो. फळी हालती, मोळी हालती. ह्या चढाला काय, नुसतं आपलंच वजन न्यायचं हाय."

त्यानं मग मला फळीवर चढायची रीत दाखवली. पाऊल छोटं, गुडघा पुढं, नजर तीन पावलांवर, वरच्या टोकाकडं बघायचं नाही. उरलेल्या तीन फेऱ्या मी तशा केल्या आणि शेवटची सगळ्यात कमी वेळात झाली. सहा वर्षांत मी चढावर वाचलेलं पुष्कळ आहे. पण इतकं कामाचं काही हाती लागलं नव्हतं.

खाली रस्त्याच्या कडेला एक बाई सीताफळांच्या पाट्या लावून बसली होती. आमच्या आठही फेऱ्या तिनं पाहिल्या होत्या.

"कुठं पोचायचं होतं?" तिनं विचारलं.

"कुठंच नाही मावशी. वर जायचं आणि परत यायचं."

"मंग गेलते कावून?"

दत्ता हसत खाली बसला आणि आम्ही तिथंच एकेक करत सात-आठ सीताफळं खाल्ली. ऑक्टोबरात या भागात येणार असाल तर बालाघाटच्या सीताफळांसाठी पिशवीत जागा ठेवा. डोळे उघडलेली आणि हाताला किंचित मऊ लागणारी त्याच दिवशी खायची, कडक असतील ती घरी न्यायची.

संध्याकाळी पाटोद्याला मुक्काम केला. तिसरा दिवस माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा होता. तीस किलोमीटर पळायचे होते. ते नीट झाले तर हैदराबाद, नाहीतर घराजवळची हाफ, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. अंधार पडायच्या आत आम्ही मोटारसायकलवरून सौताड्याच्या बाजूचा रस्ता बघून आलो आणि वाटेतल्या चहाच्या टपरीत पाण्याच्या बाटल्या ठेवल्या. टपरीवाल्यानं त्या फ्रिजमध्ये टाकल्या, वर "उद्या बर्फ झाला तर मला बोलू नका" असंही सांगितलं.

पाचला त्या टपरीपासूनच निघालो. पठारावरचा रस्ता, बारीक चढ, बारीक उतार. दत्ता हाफचं अंतर करणार होता. म्हणजे साडेदहा किलोमीटरवरून तो मागं फिरणार आणि मी तसाच पुढं पंधरापर्यंत जाऊन वळणार. तो कधीच पुढं निघून गेला होता. वळून येताना समोर भेटला तेव्हा त्यानं नुसता हात वर केला. त्याचा श्वास बघून मला कळलं की आज तो खरंच पळतोय.

माझं विसापर्यंत छान चाललं. चोविसाव्या किलोमीटरला ऊन मानेवर आलं. सव्विसाव्याला डाव्या पोटरीत गोळा यायला लागला आणि मागच्या वर्षीचा तो दुभाजक डोळ्यांपुढं उभा राहिला. त्याच वेळी डाव्या हाताला एका शेतात सोयाबीनचं मळणीयंत्र चालू होतं. भुशानं माखलेला एक माणूस बांधावरून हात करत रस्त्यावर आला.

"थांबा, थांबा. घरी कोण शिरीयस हाय का? गाडीवर सोडू का?"

"नाही हो. सराव करतोय."

"कसला?"

"पळायचा."

त्यानं माझ्या पायांकडं बघितलं. पाय एव्हाना सरळ पडत नव्हते. "मंग जरा सावकाश जावा की. कोण बोलवायलंय?"

त्याच्या घागरीतलं दोन तांबे पाणी प्यायलो, एक डोक्यावर ओतून घेतला. आणि त्याचं ऐकलं. मागच्या वर्षी मी वेग धरून ठेवायच्या नादात मोडलो होतो. या वेळी किलोमीटरमागं अर्धं मिनिट सोडून दिलं. गोळा सुटला नाही, पण वाढलाही नाही. टपरी दिसली तेव्हा घड्याळात तीस पूर्ण झाले होते आणि मी पळतच होतो. तीन तास चौदा मिनिटं. आणखी बारा करता आले असते का? आले असते. त्या क्षणी मला याबद्दल शंका नव्हती आणि आजही नाही.

दत्ता बाकावरून उठून आला. "बसू नका लगीच. बसलात तर पाय धरतेत."

"तुझं किती?"

त्यानं मनगट पुढं केलं. माझंच जुनं घड्याळ त्याला दिलं होतं. एक तास छत्तीस. कॅनव्हासच्या बुटांत, चढउताराच्या रस्त्यावर. मी आकडा दोनदा वाचला.

पाटोद्याला परतून, आंघोळी करून आम्ही खाटांवर आडवे झालो. मी फोनवर शर्यतींची यादी काढली. हैदराबाद आता नक्की होतं. तेवढ्यात दत्ता छताकडं बघत म्हणाला, "सांगलीकडं काय हाय का? आमची टोळी अवंदा तिकडंच चाललीय."

शोधलं. एका तालुक्याच्या गावी हाफ मॅरेथॉन होती, नदीकाठचा सपाट रस्ता, टोळी जाणार होती त्या कारखान्यापासून अठरा किलोमीटरवर. रविवारची. मी तारीख पाहिली. हैदराबादची शर्यत त्याच रविवारी होती.

त्याला सांगितलं. तो म्हणाला, "मंग तुमी हैदराबादला जावा."

"आणि तू?"

"मला कोण सोडतंय फडातून."

"मी फुल सोडतो. सांगलीला येतो तुझ्याबरोबर. मुकादमाशी मी बोलतो."

तो उठून बसला. चार वर्षांत त्याचा आवाज मी असा ऐकला नव्हता. "सर, तुमी माझ्यापायी तुमचं सोडायचं न्हाई. आन् मुकादमाला इचारायचं ते मी इचारतो. तुमी मधी बोलू नका."

मी बरं म्हणालो. खरं सांगायचं तर मला थोडा रागही आला. मदत करायला निघालेल्या माणसाला नको म्हटलं की येतो तसा. तो विरायला सौताड्यापर्यंतचा रस्ता लागला.

सौताड्याला दुपारी थांबलो. पाऊस संपून महिना झाला होता, धबधब्याची धार बारीक झाली होती, पण दरी वरून बघावी इतकी खोल आहे. खाली रामेश्वराच्या मंदिरापर्यंत पायऱ्या आहेत. तीस किलोमीटर पळलेल्या माणसानं त्या उतरू नयेत. मी उतरलो आणि चढताना कठडा धरून एकेक पायरी मोजली. दत्तानं वर येऊन दोन चहा सांगितले तरी मी अजून मधेच होतो.

पुढं जामखेड लागतं, ते नगर जिल्ह्यात, मग रस्ता पुन्हा बीड जिल्ह्यात शिरून आष्टीवरून कड्याला जातो. दिवेलागणीला सुनीतावहिनींच्या माहेरी पोचलो. कड्यापासून जवळच वस्ती आहे. त्यांच्या भावानं अंगणात खाट टाकली. दत्तानं जेवतानाच वहिनींना रविवारचं सांगितलं. त्या भाकरी थापत ऐकत होत्या. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. तो पळायला गेला तर त्या दिवशी त्यांनी काय करायचं, हा प्रश्न सगळ्यांच्याच मनात असणार.

चौथ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं मुकादमाकडं गेलो. साठीचा माणूस, पांढरे कपडे, सगळे त्यांना आप्पा म्हणत होते. दारात ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या धुऊन उभ्या होत्या, पलीकडं साखर कारखान्याची चिमणी दिसत होती. निघायचा दिवस, पालांची जागा, पाण्याची सोय, असं सगळं बोलून झालं. मग दत्तानं घसा साफ केला.

"आप्पा, जानेवारीत एक रविवार पायजे हुता."

"कावून? लगीन हाय का कुणाचं?"

"पळायची शर्यत हाय. तिथं जवळच."

आप्पांनी माझ्याकडं बघितलं. मी ट्रॉलीकडं बघितलं.

"नंबर आला तर काय मिळतंय?"

"मेडल."

"आन् न्हाई आला तर?"

"तरी मेडल. पुरं करील त्याला."

"मंग नंबर कशाला काढतेत?" आप्पांनी चहा संपवला. "हे बघ दत्ता, तुझं काम मला म्हाईत हाय. पण खाडा म्हंजे खाडा. कोयता दोघांचा हाय. एक जण आला न्हाई तर कोयताच आला न्हाई, असं लिवतो आमी. पहिल्यापासून तसंच हाय."

मला वाटलं संपलं. बोलायचं नाही असं कबूल केलं नसतं तर मी त्या वेळी नक्की तोंड उघडलं असतं आणि नक्की घाण केली असती.

"आप्पा," वहिनी दाराशी उभ्या होत्या, तिथूनच म्हणाल्या. "एक जण आला न्हाई तरी आख्ख्या कोयत्याचा खाडा ना?"

"व्हय."

"मंग त्या दिशी मी एकटीनं ऊस कावून तोडायचा? तोडला तरी खाडाच, न्हाई तोडला तरी खाडाच. मी बी जाते ह्यांच्यासंगं."

ओट्यावर बसलेला आप्पांचा पुतण्या हसायला लागला, तसं त्यांनी त्याला हातानं गप्प केलं. पण नियम त्यांचाच होता आणि हिशेब बरोबर होता.

"शनिवारची गाडी भरून द्यायची," ते शेवटी म्हणाले. "अर्धी ठिवून जायचं न्हाई. आन् सोमवारी उजाडायच्या आत फडात."

"व्हय," दोघंही एकदम म्हणाले.

बाहेर येऊन लिंबाखाली दत्ताचा फॉर्म माझ्या फोनवरून भरला. पैसे त्यानं स्वतःच्या फोनवरून दिले, मला हात लावू दिला नाही. पूर्ण नाव, वय, टी-शर्टचं माप. अपेक्षित वेळ विचारली होती. तो म्हणाला, "एक छत्तीस टाका." मग, "न्हाई, चौतीस टाका. तिथं चढ न्हाई." वहिनी वाकून फोनमध्ये बघत होत्या. शेजारी उभं राहूनच मी हैदराबादचा माझा फॉर्म भरला. साताऱ्याची डोंगरातली शर्यत पुढच्या वर्षासाठी ठेवली. चढाचा मास्तर आता मिळालाय, घाई नाही.

ते दोघं एसटीनं उमापूरला जाणार होते. मी एकट्यानंच गाडी काढली. कड्याहून गेवराई सव्वाशे किलोमीटरच्या आसपास पडतं. दुपारचं ऊन टाळून, पाटोद्यात जेवून, टपरीवाल्याकडं राहिलेल्या आमच्या रिकाम्या बाटल्या परत घेऊन संध्याकाळी घरी आलो. चार दिवसांत पन्नासएक किलोमीटर पळणं झालं, आणि पोटरी आठवडाभर कुरकुरत राहिली.

भाऊबीजेनंतर टोळ्या निघाल्या. आता कालव्यावर मी एकटाच असतो. दरवर्षी हे दिवस मला जड जायचे, पळणं अर्ध्यावर आणून सोडल्यासारखं वाटायचं. या वर्षी तसं झालं नाही. गेल्या रविवारी चौतीस किलोमीटर केले आणि घरी येऊन पोहे खाल्ले. शर्यत निवडताना मी आजवर रस्ता बघायचो, हवामान बघायचो, मेडलचा फोटोही बघायचो. त्या दोघांनी निवडली ती अठरा किलोमीटरवर होती म्हणून, आणि एक दिवस मागून मिळाला म्हणून. त्यांची निवड माझ्यापेक्षा पक्की आहे असं मला वाटतं. त्या रविवारी मी हैदराबादेत मधेच बसणार नाही, एवढं मात्र मी इथं लिहून ठेवतो.

परवा दुपारी फोन आला. नंबर दत्ताचा, आवाज वहिनींचा. मागं कुठंतरी ट्रॅक्टर चालू होता.

"सर, त्या फॉर्मात पाच किलोमीटरचं बी हाय म्हणे. माझं नाव टाका. साडीवर चालतंय का तेवढं इचारून घ्या."

आयोजकांना फोन करून विचारलं. चालतं म्हणाले. मी परत फोन लावला आणि एकेक रकाना विचारत गेलो. एका ठिकाणी लिहिलं होतं, याआधी कधी स्पर्धेत धावला आहात का. मी तो विचारायचं सोडून 'नाही' लिहिणारच होतो, पण तोंडातून प्रश्न निघून गेला.

"धावलेय की," त्या म्हणाल्या. "सातवीत. आष्टीला तालुक्याची शर्यत हुती. पयली आल्ते."

"दत्ता कधी बोलला नाही."

"त्यांला कुठं म्हाईत हाय."

मी रकान्यात लिहिलं: होय. तालुक्यात पहिली.